रोलच्या पोटात काय चाललंय? कागद आणि लेबलच्या गुंडाळीतले दोष आणि ते टाळण्याचे उपाय

वूलवर्थ्सचं बिल, विमानतळावर बॅगेला लावलेली पट्टी, औषधाच्या डबीवरचं लेबल, सकाळचं वर्तमानपत्र. या सगळ्या वस्तू आपल्या हातात येण्याआधी कुठल्या ना कुठल्या रोलच्या पोटात होत्या. रोल ही इतकी साधी वस्तू वाटते की तिच्यामागे काही विज्ञान असेल अशी शंकाही येत नाही. नळीवर कागद गुंडाळायचा, संपलं!

पण छपाईच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. चालू मशीनवर कागद तुटतो, रोल एका बाजूला दुर्बिणीसारखा बाहेर सरकतो, लेबलच्या कडांना चिकट लागून प्रिंटर अडतो. बहुतेक वेळा दोष दिसतो वापरणाऱ्याकडे, पण तो तयार झालेला असतो गुंडाळताना. म्हणून आज आपण रोलच्या आत डोकावून बघूया. कागदात साठलेला ताण समजला की दोषांची कारणंही समजतात आणि उपायही.

आधी थोडा हिशोब

कागद पूर्वी रोलमध्ये यायचाच नाही. जुन्नर किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद व्हायचा तो सुट्या तावांचा. साच्यात लगदा उचलायचा, निथळायचा, एकेक ताव वाळवायचा. सलग कागद बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने 1799 साली घेतलं. सलग कागद आला, आणि तो ठेवायचा कसा हा प्रश्नही आला. उत्तर होतं गुंडाळी.

ही गुंडाळी केवढी असते? समजा वर्तमानपत्राच्या कागदाचा 1 मीटर व्यासाचा रोल आहे. कागदाची जाडी सुमारे 0.07 मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाइतकी. मधल्या नळीचा, म्हणजे कोअरचा, बाहेरचा व्यास 90 मिलिमीटर धरू. रोलच्या गोल तोंडाचं क्षेत्रफळ काढायचं आणि कागदाच्या जाडीने भागायचं, की लांबी मिळते:

लांबी = π × (बाहेरचा व्यास² − कोअरचा व्यास²) ÷ (4 × जाडी)

उत्तर येतं सुमारे 11 किलोमीटर! केलीव्हिलहून ही पट्टी अंथरत निघालो तर पॅरामट्टाच्या बऱ्यापैकी जवळ पोचू. फेरे भरतात सुमारे 6,500. रोल दीड मीटर रुंद असेल तर वजन साडेसातशे किलोच्या आसपास. एवढा सगळा डोलारा एकमेकांवर बसलेल्या फेऱ्यांमधल्या घर्षणावर उभा असतो. गोंद नाही, खिळा नाही.

एक फेरा खालच्या फेऱ्यांना काय करतो?

कागद गुंडाळताना तो थोडा ताणलेला ठेवावा लागतो. वर्तमानपत्राच्या कागदासाठी हा ताण 1 मीटर रुंदीला 400 न्यूटन धरू, म्हणजे साधारण 40 किलो वजन टांगल्याइतका. ताणलेला फेरा गोल वस्तूवर बसला की तो तिला आत दाबतो. हाताला घट्ट रबरबँड लावल्यावर होतं तेच. हा दाब काढणं सोपं आहे: ताण भागिले त्रिज्या.

कोअरजवळ त्रिज्या 5 सेंटीमीटर असेल तर एका फेऱ्याचा दाब 8,000 पास्कल. त्रिज्या 50 सेंटीमीटर झाली की तोच ताण फक्त 800 पास्कल दाब देतो. म्हणजे ताण तोच ठेवला तरी एका फेऱ्याची पकड बाहेर जाता जाता दहापट कमी होते.

आता खरी गंमत. वरचे फेरे खालच्यांना दाबतात तेव्हा खालचे फेरे किंचित आत सरकतात. आत सरकला म्हणजे त्या फेऱ्याचा घेर कमी झाला, आणि घेर कमी झाला म्हणजे त्याचा ताणही कमी झाला. किती? 400 न्यूटनच्या ताणाने असा कागद साधारण 0.2 टक्के लांबतो. 25 सेंटीमीटर त्रिज्येवरचा फेरा फक्त अर्धा मिलिमीटर आत सरकला, तर त्याचा घेर 0.2 टक्क्यांनीच कमी होतो. म्हणजे गुंडाळताना दिलेला सगळा ताण खलास! आणखी सरकला तर तो फेरा ताणलेला राहत नाही, उलट लांबीच्या दिशेने चेपला जातो. आणि कागद चेपला की काय करतो? वाकतो, मुडपतो.

कागदाची चळत दाबावी तशी अधिकाधिक कडक होत जाते. गोधड्यांची थप्पी आठवा. पहिल्यांदा बसलो की खूप दबते, मग कमी कमी. त्यामुळे रोलच्या आतला ताण काढायचं गणित सरळ रेषेत सुटत नाही. कोडॅक कंपनीतले झेड. हाकिएल यांनी 1987 मध्ये हा कडकपणा धरून फेऱ्यागणिक ताण आणि दाब काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या बऱ्याच कामाचा पाया तीच आहे.

या सगळ्याचं सार संक्रांतीला पतंग उडवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. फिरकीवर आतला मांजा सैल आणि वरचा करकचून भरला, तर वरचे फेरे आतल्यात रुततात आणि ऐन काटाकाटीत गुंता होतो. आत घट्ट आणि बाहेर जाताना हळूहळू हलका, असा भरलेला मांजा सुटसुटीत सुटतो. कागदाचंही तसंच. पाया भक्कम, आणि पुढे क्रमाने उतरता ताण.

हातातले तीन लगाम

गुंडाळणाऱ्या माणसाकडे घट्टपणा बदलायला तीन गोष्टी असतात.

1. ताण: येणारा कागद किती ओढून धरला आहे.
2. दाबरूळ: रोलवर टेकून फिरणारा रूळ. तो फेऱ्यांमधली हवा बाहेर काढतो आणि फेरा घट्ट बसवतो.
3. पीळ: रोल फिरवणारी ताकद. ती कोअरमधून येते, किंवा बाहेरून रोलला टेकलेल्या रुळांमधून.

पातळ, ताणल्यावर पटकन लांबणाऱ्या मालाला ताण कमी ठेवून दाबरुळावर भर देतात. नाजूक पृष्ठभागाच्या किंवा दाबाने बिघडणाऱ्या मालाला उलट. लेबलचा माल या दुसऱ्या गटात येतो. ते पुढे बघूच.

नेहमीचे दोष, त्यांची कारणं आणि उपाय

दुर्बीण होणे. रोलचे फेरे एका बाजूला सरकून शंकूसारखे बाहेर येतात. याला टेलिस्कोपिंग म्हणतात. कारण एकच: फेऱ्यांमधलं घर्षण कमी पडलं. ते आतला दाब कमी असल्यामुळे असेल, गुळगुळीत मालामुळे असेल किंवा फेऱ्यांत हवा अडकल्यामुळे असेल. साधा कागद सच्छिद्र असतो, हवा त्यातून निसटते. प्लास्टिक फिल्म आणि चकचकीत लेबल हवा सोडत नाहीत, म्हणून वेग वाढला की रोल हवेच्या गादीवर तरंगायला लागतो. उपाय: सुरुवातीचे फेरे घट्ट, दाबरूळ नीट टेकलेला, आणि हवा अडकत असेल तर वेग कमी.

आतल्या आत घसरणे. रोल कोअरपासून फिरवला तर फिरवणारी ताकद प्रत्येक फेऱ्यातून बाहेर पोचावी लागते. आपल्याच रोलवर 400 न्यूटनचा ताण टिकवायला 1 मीटर रुंदीमागे 200 न्यूटन-मीटर पीळ लागतो. घर्षणांक 0.3 धरला, तर 10 सेंटीमीटर त्रिज्येवर फेरे न घसरण्यासाठी सुमारे 10,600 पास्कल दाब पुरतो. पण 4 सेंटीमीटरवर, म्हणजे बारीक कोअरजवळ, तोच हिशोब 66,000 पास्कलच्या वर जातो! कारण तिथे क्षेत्रफळही कमी आणि तरफेचा हातही आखूड. म्हणून मोठा रोल बारीक कोअरवर गुंडाळला की घसरण कोअरजवळ सुरू होते. तिथे कागद चुरगळतो, छपाई घासली जाते. उपाय: मोठ्या रोलला मोठा कोअर, आणि कोअरवरचा पहिला थर नीट चिकटवलेला आणि घट्ट.

चांदणी पडणे. रोलच्या तोंडाकडे बघितलं तर फेऱ्यांच्या गोल रेषा मोडून चांदणी किंवा फुलासारखी नक्षी दिसते. आतले सैल फेरे बाहेरच्या घट्ट फेऱ्यांनी चेपल्यामुळे मुडपले, असा याचा अर्थ. रोल आपटला किंवा क्लॅम्पने जोरात दाबला तरी असं होतं, पण आतून नीट बसलेला रोल ते धक्के बराच सोसतो. उपाय वरचाच: उतरता ताण. मधेच मशीन थांबवून पुन्हा सुरू करताना ताणाला झटका बसतो, तोही टाळायचा.

पट्टे उठणे. कागदाची जाडी सगळ्या रुंदीत सारखी नसते. एका पट्ट्यात ती फक्त अर्धा मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी, जास्त असली तरी 6,500 फेऱ्यांनंतर त्रिज्येत 3 मिलिमीटरहून मोठा उंचवटा साठू शकतो. प्रत्यक्षात दाबाने तो थोडा बसतो. पण त्या पट्ट्यातला कागद जास्त ताणला जातो, आणि काही दिवस तसाच राहिला की कायमचा लांबतो. रोल उघडल्यावर तिथे झोळ पडतो आणि छपाईत रंग जुळत नाहीत. हा दोष मात्र गुंडाळून बरा होत नाही. त्याचं मूळ कागद बनवण्यात आहे. गुंडाळणारा एवढंच करू शकतो की अशा मालाला ताण कमी द्यायचा आणि रोलचा व्यास मर्यादेत ठेवायचा.

कोअर चेपणे. सगळे फेरे आत दाबत असतात, आणि शेवटी तो दाब पुठ्ठ्याच्या नळीवर येतो. नळी कमजोर किंवा दमट असेल तर ती आत वळते आणि रोल मशीनच्या दांड्यावर चढतच नाही. साडेसातशे किलोचा चांगला माल अशा वेळी नळीसाठी वाया जातो. उपाय स्वस्त आहे: जाड आणि कोरडी नळी.

लेबलचा रोल वेगळा का?

लेबल म्हणजे कागदाचा एक थर नाही, चार थरांचं सँडविच आहे: वरचा छापायचा कागद किंवा फिल्म, त्याखाली गोंद, मग सिलिकॉनचा अतिशय पातळ लेप, आणि खाली तो लेप धरणारा लायनर. लायनर म्हणजे लेबल काढल्यावर आपण फेकतो तो गुळगुळीत कागद. स्टॅन एव्हरी यांनी 1935 मध्ये लॉस एंजेलिसला वॉशिंग मशीनची मोटर आणि शिलाई मशीनचे सुटे भाग जोडून स्वयंचिकट लेबल कापणारं यंत्र बनवलं, तिथून हा धंदा वाढला.

या सँडविचमधली अडचण म्हणजे गोंद. दाबल्यावर चिकटणारा गोंद हा खरं तर फार घट्ट द्रव आहे. थंडीतल्या काकवीसारखा तो दाबाखाली हळूहळू वाहतो, आणि उष्णतेत वेगाने वाहतो. म्हणजे रोल घट्ट गुंडाळला तर दुर्बीण होणार नाही, पण आठवड्यांनी गोंद कडांमधून पाझरेल. कडा चिकट झाल्या की धूळ बसते, फेरे एकमेकांना धरून बसतात, रोल झटके देत सुटतो आणि प्रिंटर लेबलची जागा चुकतो. सैल गुंडाळला तर सिलिकॉनच्या गुळगुळीतपणामुळे रोल घसरतो. दोन्ही बाजूंना दरी आणि मधे अरुंद वाट! लेबलच्या रोलमध्ये गुंडाळणाऱ्याचं कसब इथे लागतं: रोल घसरणार नाही एवढाच घट्ट, त्याहून तसूभरही जास्त नाही.

आणखी दोन गोष्टी. लेबल कापून मधली जाळी काढून टाकली की लायनरवर लेबलांची बेटं उरतात. मग दाब सगळीकडे सारखा न पडता बेटांच्या कडांवर एकवटतो. आतल्या लेबलवर वरच्या लेबलच्या कडेचा वळ दिसतो तो यामुळे, आणि गोंदही पहिल्यांदा तिथूनच बाहेर येतो.

दुसरी गोष्ट कोअरच्या आकाराची. लेबल रोलच्या बाहेरच्या बाजूला असेल आणि कोअर 25 मिलिमीटरचा असेल, तर जाड लेबल एवढं वळायला नकार देतं. त्याची टोकं लायनर सोडून उभी राहतात. उभं राहिलेलं टोक प्रिंटरमध्ये अडतं, आणि वळण बसलेलं लेबल बरणीवरूनही उचललं जातं. जाड किंवा लांब लेबलांना 76 मिलिमीटरचा कोअर घ्यावा.

हे सगळं नुसतं छापखान्यापुरतं नाही. आपल्यापैकी कुणी घरून शेंगदाण्याची चटणी किंवा तिळाचे लाडू विकत असेल, तर ऑस्ट्रेलियात शेंगदाणा आणि तीळ हे अ‍ॅलर्जीचे पदार्थ म्हणून लेबलवर जाहीर करावेच लागतात. ते लेबल बरणीवरून गळून पडलं, किंवा प्रिंटर एक लेबल पुढे सरकल्याने दुसऱ्याच पदार्थाचं लागलं, तर त्याची किंमत एखाद्या मुलाच्या जिवाशी येऊन ठेपू शकते.

हवामानाचा हात

कागद हवेतलं पाणी पितो आणि सोडतो. पाणी पिऊन तो फुगतो, तेही लांबीपेक्षा रुंदीत जास्त. प्रयोगशाळेत कागद तपासण्याचं प्रमाण हवामान ठरलेलं आहे: 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रता. आपल्याकडे हवामान इतकं समजूतदार कुठलं असायला!

महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला मोठी कागद गिरणी आहे. तिथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तिथला रोल जुलैत मुंबईच्या दमट गोदामात वेष्टन काढून ठेवला, तर काय होईल? रोलच्या पोटात हवा शिरत नाही, पण दोन्ही तोंडं उघडी असतात. कडा पाणी पिऊन लांबतात, मधला भाग तसाच राहतो आणि कडांना लाटा येतात. उलट, दमट रोल कोरड्या खोलीत उघडला तर कडा आकसून घट्ट होतात, मधे झोळ पडतो आणि मशीनवर ताण आला की घट्ट कड पहिल्यांदा फाटते. गुंडाळी कितीही उत्तम असली तरी हा दोष नंतर येतो. म्हणून पाणी रोखणारं वेष्टन मशीनवर चढवण्याच्या वेळेपर्यंत काढायचं नाही, आणि थंड रोल आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा.

आपल्या पश्चिम सिडनीत उन्हाळ्याचा मामला वेगळा. 4 जानेवारी 2020 ला पेनरिथला 48.9 अंश नोंदले गेले होते. अशा दिवशी पत्र्याचं दार असलेल्या गराजमध्ये लेबलचे रोल पडले असतील, तर गोंद पाझरायला यापेक्षा चांगली सोय नाही. शिवाय शाई न वापरता उष्णतेने छपाई होणारा थर्मल कागद गरम जागी काळपटतो, तो तोटा वेगळाच.

रोल चांगला आहे हे ओळखायचं कसं?

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे लाकडी दांडक्याने रोलवर टकटक करणं. कलिंगड निवडताना आपण करतो तसंच. रुंदीभर सारखा आवाज आला तर घट्टपणा सारखा. एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तिथे सैल. याचंच मोजमाप करणारं एक साधन म्हणजे श्मिट हातोडा. एर्न्स्ट श्मिट यांनी तो काँक्रीट तपासायला बनवला होता, पुढे कागदवाल्यांनीही उचलला.

दुसरी पद्धत घरी करून बघण्यासारखी आहे. मुलांना शाळेच्या सुट्टीत नक्की दाखवा.

1. बिलाच्या कागदाचा नवा रोल घ्या. त्याच्या तोंडावर कोअरपासून कडेपर्यंत पेनने सरळ रेषा काढा.
2. कोअर घट्ट धरा आणि सुटं टोक गुंडाळीच्या दिशेने ओढा. कारखान्यातून आलेल्या रोलवर रेषा जवळजवळ सरळ राहील.
3. आता अर्धा रोल उलगडून हाताने सैलसर गुंडाळा. नवी रेषा काढा आणि पुन्हा ओढा.

या वेळी रेषा वाकेल. जिथे वाकली तिथे फेरे एकमेकांवर घसरले. कागद गिरण्यांमध्ये हीच रेषा चालू रोलवर काढून आतली घसरण पकडतात. एका रेघेत रोलच्या पोटातली बातमी बाहेर!

लेबल वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात

- रोल साधारण 22 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेच्या आसपास, उन्हापासून दूर ठेवा. गराज आणि गाडीची डिकी टाळा.
- लागेल तेवढाच माल मागवा, जुना आधी वापरा.
- रोल मूळ पिशवीत, सपाट तोंडावर ठेवा. कुशीवर ठेवून वर खोकी रचली तर तो लंबगोल होतो आणि झटके देत फिरतो.
- रोल उचलताना मधल्या नळीत बोट घालून लोंबकळवू नका. दुर्बीण होण्याची सुरुवात तिथेच होते.
- मागणी देताना प्रिंटरला लागणारा कोअर, रोलचा जास्तीत जास्त व्यास आणि लेबल आत हवं की बाहेर, हे तिन्ही सांगा.
- कडेला बोट लावून बघा. चिकट लागलं तर तो रोल अ‍ॅलर्जीची माहिती छापायला वापरू नका.

सुरळीची वडी करणाऱ्यांना यातलं बरंचसं आधीच माहीत असेल. पीठ सगळीकडे सारखं पसरायचं, पहिला वळसा नीट बसवायचा, आणि पुढे जोर न लावता गुंडाळत जायचं. सैल झाली तर सुटते, दाबली तर आतलं सारण बाहेर येतं. कागदाच्या गिरणीत तेच काम मिनिटाला शेकडो मीटर वेगाने चालतं, एवढाच फरक!